सात मीटर पाऊस आणि एक गुंठा

ओळखीतले एक गृहस्थ जमिनींच्या व्यवहारात आहेत. म्हणजे पुण्याच्या आसपासची बरीचशी जमीन त्यांच्या बोलण्यात आहे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला गाठलं. जिलेबी वाढून होईपर्यंत त्यांनी प्रस्ताव मांडला आणि मठ्ठा येईपर्यंत मी तो मान्यही करून बसलो होतो. आंबोलीवर दोन पानं लिहून हवी होती. गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोंसह एक पुस्तिका निघणार होती. फिरायला येणाऱ्यांना गावाची ओळख व्हावी आणि ओळख झाल्यावर त्यातल्या चार जणांना तिथं प्लॉट घ्यावासा वाटावा, असा एका दगडात दोन पक्ष्यांचा बेत. "तुमचं ते ललित-बिलित असू द्या," ते म्हणाले, "पण स्क्वेअर फुटाचं भान सोडू नका."

इतकी नेमकी वाङ्मयीन सूचना मला आजवर एकाही संपादकाने केलेली नाही.

पुस्तिकेत यायलाच हवेत असे तीन शब्दप्रयोगही त्यांनी पानावरच्या मिठाशेजारी बोट टेकवून सांगितले. एक, 'शहराच्या गजबजाटापासून दूर'. दोन, 'सहज पोहोचता येईल असं'. या दोन्ही गोष्टी एकाच गावाला कशा लागू पडायच्या, असं मी विचारलं. "दूर असतं ते शहराला. आपल्याला काय, गाडी आहे. शिवाय आता गोव्यात मोपाचं विमानतळ झालंय," असं उत्तर आलं. तिसरा शब्दप्रयोग म्हणजे अर्थातच 'निसर्गाच्या कुशीत'. निसर्गाला एक ऐसपैस कूस आहे आणि ती कायम रिकामी असते, अशी जाहिरातवाल्यांची ठाम समजूत असते. त्या कुशीत आधीच कुणी झोपलं असेल, अशी शंका त्यांना कधी येत नाही. मलाही तोवर आली नव्हती.

माझं आजोळ सावंतवाडीचं. त्यामुळे आंबोली मला लहानपणापासून ठाऊक होती, पण ती खालून. सावंतवाडीत स्वच्छ ऊन पडलेलं असायचं आणि आजी अंगणात वाळवण घालताना डोंगराकडे बघून म्हणायची, "वर पडता." कोण पडतो, हे सांगायची गरज नसे. मग वाळवण आत जायचं, कारण वर पडणारा थोड्याच वेळात खाली उतरायचा. इतकी वर्षं ज्याच्या भीतीने आम्ही पापड उचलले, त्याच्या घरी जाऊन त्याची जाहिरात लिहायची, ही कल्पना आजीला रुचली नसती.

जुलैमध्ये सावंतवाडीहून एस.टी.त बसलो. तीसेक किलोमीटरांचा रस्ता. दाणोली मागे पडली की घाट सुरू होतो आणि गाडी सुमारे सातशे मीटर उंचीवर जाते. म्हणजे जात असावी. खिडकीबाहेर नुसता कापूस होता. चालक प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होता आणि समोरच्या कापसातूनही तसंच उत्तर येत होतं. शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोंबडी होती, ती तेवढी निवांत दिसली.

हा रस्ता जुना आहे. वेंगुर्ला बंदरात उतरलेली रसद बेळगावच्या लष्करी छावणीपर्यंत न्यायची तर घाट चढावाच लागे, आणि चढून दमलेल्या बैलांना आणि माणसांना जिथं दम खावासा वाटे ते ठिकाण म्हणजे आंबोली. पुढे १८८० च्या सुमारास कर्नल वेस्ट्रॉप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथं थंड हवेचं ठिकाण उभं करायचं मनावर घेतलं. माझ्या गृहस्थांचे हे मूळपुरुषच म्हणायचे. पण महाबळेश्वराचं किंवा माथेरानचं जे झालं ते आंबोलीचं झालं नाही. त्याची विद्वत्तापूर्ण कारणं असतीलही. मला सहा दिवस राहिल्यावर एकच कारण पटलं: साहेबाचे कपडे वाळले नसणार.

रविवारी पोहोचल्यामुळे आधी आंबोलीचा रविवार बघायला मिळाला. मुख्य धबधबा रस्त्याच्या अगदी कडेला आहे, तिथं जायला पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांवर पाण्यापेक्षा माणसं जास्त वाहत होती. गोव्याच्या, बेळगावच्या, कोल्हापूरच्या नंबरांच्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. भाजलेली कणसं, भजी, वडापाव, वाफाळता चहा, आणि हे सगळं आपल्यासाठीच मांडलंय अशा थाटात बसलेली माकडं. धबधब्याखाली उभं राहून ओरडायचं, कणीस खायचं, कुडकुडायचं आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. 'आंबोली बघून आलो' याचा अर्थ एवढाच. यात मी नावं ठेवत नाही. भिजल्याशिवाय ओरडता येत नाही आणि ओरडायला शहरात जागा नाही. पण यातल्या फार थोड्यांना धबधब्यापलीकडे एक गाव आहे, हे माहीत असावं.

मग प्रेक्षणीय स्थळं. कावळेसाद पॉइंटला गेलो आणि पांढरं बघितलं. महादेवगड पॉइंटला गेलो, तिथंही पांढरंच, पण जरा निराळं. कावळेसादला मात्र एक गंमत आहे. कड्यावरून खाली पडणारं पाणी दरीतला वारा अर्ध्यातून उचलून पुन्हा वर फेकतो. ते उलटं येऊन आपल्या तोंडावर आदळतं. गुंतवणुकीच्या पुस्तिकेला याहून सुंदर रूपक मिळणार नाही असं वाटून मी वहीत लिहिलं, 'इथं पडलेलंही वर जातं.' वही भिजली. एवढंच वाक्य वाचता येण्याजोगं उरलं, आणि नेमकं तेच गृहस्थांना पुढे फार आवडलं.

उतरलो होतो ते एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी. घरमालक सत्तरीचे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्या संध्याकाळी ते मला "तुमी खंयसून इलात?" असं अदबीने विचारत होते. आजोळ सावंतवाडीचं म्हटल्यावर तडक "तू" वर आले. "मगे आदी नाय सांगलंस? खालचोच तू!" या 'खालचो' शब्दात आपुलकी जितकी होती तितकीच कीवही होती.

पुस्तिकेत हवामानाला एक चौकट होती. तिच्यात 'आल्हाददायक' हा शब्द गृहस्थांनी आधीच भरून ठेवला होता. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. पुण्याच्या साधारण दसपट. मिलिमीटर हे माप फसवं आहे. ऐकायला ते सोनाराच्या दुकानातलं वाटतं. सात हजार मिलिमीटर म्हणजे सात मीटर. म्हणजे पाणी वाहून न जाता जिथल्या तिथं उभं राहिलं, तर दुमजली बंगला कौलांपर्यंत बुडेल. आणि हे सगळं मुख्यतः चार महिन्यांत. थेंबाथेंबाने साचणारी एवढी मोठी ठेव दुसऱ्या कुठल्या बँकेत नसेल, पण ती काढून घेण्याची सोय नाही.

हा पाऊस घराबाहेर पडतो असा माझा समज होता. तो घरात राहतो. मिठाच्या बरणीत मीठ नसतं, मिठाचं पाणी असतं. काड्यापेटी चुलीजवळच्या फडताळात, सगळ्यात मानाच्या जागी. पापड तळायचे असले तर डबा उघडणं आणि कढईत सोडणं यांत वेळ घालवून चालत नाही. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळतात, म्हणजे तिथं त्यांना पाण्याऐवजी धूर लागतो. त्यामुळे पावसाळ्यात सबंध आंबोलीला एकच अत्तर असतं. माझ्या चामडी बुटांवर तिसऱ्या दिवशी हिरवट पांढरी लव आली. मी ती पुसली. चौथ्या दिवशी ती पुन्हा आली, जरा दाट. मग मी पुसणं सोडलं. आपण पाहुणे आणि ती घरची.

"तात्या, हा थांबतो कधी?"

"थांबतलो की. दिवाळेक."

त्यातच वीज गेलेली. दुसऱ्या रात्री मागच्या दारी गेलो तर पडक्या लाकडाच्या ओंडक्यावर फिकट हिरवा उजेड दिसला. दचकून बॅटरी लावली, तर लाकूडच होतं. बॅटरी बंद केली, पुन्हा उजेड. इथल्या रानात कुजक्या लाकडावर, पाचोळ्यावर एक बुरशी येते, ती पावसाळी रात्री चमकते. असं काही असतं, हे मी मासिकात वाचलं होतं, पण मासिकात ते न्हाणीघराच्या वाटेवर नव्हतं. धावत जाऊन तात्यांच्या घरच्या काकींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. "कुजक्या लाकडाचो उजेड तो," त्या म्हणाल्या. "तेका बिल येणा नाय."

आंबोलीकर या सगळ्याला 'रान' म्हणतात. 'वर्षावन' हा शब्द पुस्तिकेसाठी मला देण्यात आला होता आणि तो मी तात्यांवर वापरून पाहिला. त्यांनी तो दोनदा उच्चारला, लिंबू पिळून चव बघावी तसा, आणि ठेवून दिला. रान म्हणजे जांभूळ, अंजनी, हिरडा, वर वेलींची जाळी आणि खाली पावलोपावली जळवा. जळू हा या रानाचा खरा स्वागताधिकारी. ती आपल्याला सोडायला पार खोलीपर्यंत येते. पहाटे शेताच्या कडेला गवे उभे असतात. दुरून बघणाऱ्याला ते भव्य वाटतात आणि ज्याची नाचणी ते खातात त्याला आणखी भव्य वाटतात. गृहस्थांच्या आराखड्यात प्रत्येक प्लॉटला शोभिवंत लाकडी कुंपण होतं, गुडघ्याएवढं. गव्याला ते खाण्यासाठी वाकावं लागेल, एवढाच त्याचा उपयोग.

पण शेजाऱ्यांची खरी ओळख व्हायची तर नजर खाली ठेवावी लागते. गावाबाहेर काळ्या-तांबूस कातळाचे सडे आहेत. पहिल्या पावसांत त्यांच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं. तेवढ्या पाण्यात एका टोडाचा संसार उभा राहतो. टोड म्हणजे बेडकाचा खरबरीत कातडीचा भाऊबंद. हा अंगठ्याच्या पेराएवढा, कुशीवर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रज्ञांनी नावात वाघ घातलाय. २००९ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून ओळख पटली. आंबोली आणि आसपासचा हा एवढासा पट्टा सोडला तर जगात त्याचं दुसरं घर ठाऊक नाही, आणि नामशेष होण्याचा धोका असलेल्यांच्या यादीत तो अगदी वरच्या पायरीवर आहे. अंडी त्या बोटभर पाण्यात. पावसाने चार दिवस डोळा मिटला तर खळगा आटतो, म्हणून पिल्लांना मोठं व्हायची भयंकर घाई. हे सगळं बघत मी कातळावर ओणवा होऊन अर्धा तास भिजलो. मग आठवलं, की सातबाऱ्यावर असल्या कातळाला 'पोटखराब' म्हणतात. पिकत नाही, म्हणून खराब. माझ्या पुस्तिकेत त्यालाच 'चहूबाजूंनी दृश्य असलेलं पठार' म्हणायचं होतं. एकाच कातळाची तीन नावं, आणि टोडाचा पत्ता या तिन्हींत नाही.

बेडकांच्या बाबतीत आंबोली म्हणजे मुंबईच. प्रत्येकाने जागेच्या टंचाईवर आपापला तोडगा काढलाय. आंबोलीचंच नाव लावणारा एक झुडपी बेडूक आहे, त्याने पाण्याची भानगडच ठेवलेली नाही. तो पाण्याबाहेर अंडी घालतो आणि अंड्यातून शेपटीवालं पिल्लू न येता थेट इवलासा बेडूक निघतो. बालवाडी नाही, पहिली-दुसरी नाही, एकदम दहावी पास. दुसरा तो मलबारचा उडता बेडूक. पोपटी अंगाचा, बोटांमध्ये तांबडे पडदे, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. त्याची मादी पाण्यावर ओणवलेल्या पानाला फेसाचं घरटं चिकटवते. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपटप खालच्या डबक्यात पडतात. थेट पाण्यावर झुकलेली बाल्कनी, बांधकामाचा खर्च शून्य आणि मुदत संपली की राडारोडा न ठेवता घर आपोआप नाहीसं. गृहस्थांना मी हे फोनवर कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "आवाज फार करतात का?" करतात. रात्रभर करतात. आणि सगळे मिळून एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे जागा घेतलेली आहे.

याशिवाय देवगांडूळ आहे. गांडुळासारखं दिसणारं, पण नात्याने बेडकाच्या जवळचं, बिनपायांचं आणि मातीत राहणारं. त्याची एक जात २००३ साली इथूनच जगाला कळली. २०१८ साली एका छोट्या पालीच्या शास्त्रीय नावात आंबोली आली. दर काही वर्षांनी कुणीतरी तरुण पोरं गुडघाभर चिखलात बॅटऱ्या घेऊन हिंडतात आणि जगाच्या यादीत एका जिवाची भर घालतात. तात्यांना याचं अप्रूप नाही. "हुती थयच हुती ती," ते म्हणतात. "तुमकां आता गावली."

हिरण्यकेशीला गेलो तेव्हा पाऊस चक्क दहा मिनिटं थांबला होता. शंकराचं देऊळ, मागे गुहा आणि गुहेतून येणारं थंडगार पाणी. हीच पुढे हिरण्यकेशी नदी. समुद्र इथून पश्चिमेला, कावळ्याच्या वाटेने चाळीसएक किलोमीटर. पण ही नदी पूर्वेला तोंड करून निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, तिच्याबरोबर कृष्णेला, आणि अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. घरच्या दारात समुद्र असताना एवढा वळसा! पण कोकणी माणसाला त्यात नवल वाटू नये. आमच्याकडचे सगळेच कर्तबगार असे बाहेरगावी गेलेले आहेत.

या देवळाजवळच्या पाण्यात बोटाच्या दोन पेरांएवढा एक मासा राहतो. २०२० साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नवी जात म्हणून जगापुढे आणला आणि नदीचंच नाव त्याला मिळालं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने देवळाजवळची २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मी तिथल्या तिथं हिशेब केला. सुमारे दोनशे नऊ गुंठे. माशाचा प्लॉट सुरक्षित, पाणी चोवीस तास, देवळाला लागून, वरून राजपत्राचा आधार. माझ्या गृहस्थांना ज्या 'क्लिअर टायटल'चा ध्यास आहे, ते मला आंबोलीत पहिल्यांदा भेटलं ते एका माशापाशी.

कारण माणसांकडे ते नव्हतं. हे मला त्याच संध्याकाळी पडवीत कळलं. काकींनी कुळथाचं पिठलं केलं होतं. मी जमेल तितक्या सहजपणे विचारलं, "तात्या, इथं गुंठ्याला काय भाव चाललाय?"

"कोणाच्या गुंठ्याक?"

"म्हणजे, विकायला असलेल्या."

"आदी तो कोणाचो ता ठरांदे. भाव मगे."

आणि मग पिठलं गार होईपर्यंत मी 'कबुलायतदार गावकर' या दोन शब्दांचा अर्थ ऐकला. सावंतवाडी संस्थानच्या काळात इथल्या गावकर घराण्यांनी सगळ्या गावाचा सारा भरण्याची कबुली एकत्र दिली. दिली ती कबुलायत, देणारे कबुलायतदार. आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांत जमीन अशी सामाईक राहिली. अमुक गुंठे अमक्याचे, असे तुकडे पाडायची कुणाला गरजच भासली नाही. ज्याला जिथं नाचणी पेरायची त्याने तिथं पेरली, घर बांधायचं तिथं बांधलं, भांडण झालं तर गावाने बसून मिटवलं. १९४८ साली संस्थान विलीन झालं. आधी रत्नागिरी जिल्हा, १९८१ साली नवा सिंधुदुर्ग जिल्हा. कागद या कचेरीतून त्या कचेरीत गेले आणि प्रत्येक नवा साहेब एकच रकाना उघडून विचारू लागला, 'मालक कोण?' सगळे, हे उत्तर त्या रकान्यात मावेना. पुढे तिथं 'महाराष्ट्र शासन' असं लागलं. पिढ्यान्पिढ्या ज्या चुलीवर भाकरी भाजली ती एके दिवशी सरकारी जमिनीवर आहे, असं लोकांना कळलं. मोर्चे झाले, उपोषणं झाली, बैठका झाल्या, वाटपाचे निर्णयही निघाले. तात्यांच्या पडवीत एका लोखंडी पेटीत हे सगळे कागद आहेत, आणि पेटीत कापूर, कडुनिंबाचा पाला, तांदळाची पुरचुंडी. कागदांना बुरशी लागू नये म्हणून.

"सातबाऱ्यार सरकार," तात्या म्हणाले, "चुलीर आमी."

एका बेडकाच्या नावात आंबोली आहे, एका पालीच्या नावात आंबोली आहे. फक्त आंबोलीकरांच्या नावावर आंबोली नाही. हे वाक्य मी मनात जुळवलं आणि त्यावर खूश होऊन तात्यांना ऐकवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "जेव आता." एखाद्याच्या पन्नास वर्षांच्या खेट्यांवर आपण सहा दिवसांत कोटी करू नये, हे मला पिठल्याच्या तिसऱ्या घासाला उमगलं.

आता एक कबुली माझीही. पाचव्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुर झाला, धुकं दरीतून एका बाजूने उचललं गेलं आणि कोकण दिसलं. खाली दूरवर हिरव्यात हिरवं, आणि अगदी शेवटी एक चमकती रेघ, ती बहुधा समुद्राची. झाडीत एक शीळकरी कस्तूर, शाळा चुकवलेल्या पोरासारखी, सुरात बसेल-न बसेल अशी शीळ घालत होता. आणि मला, जाहिरात लिहायला आलेल्या माणसाला, जागा घ्यावीशी वाटली. फार नाही, एक गुंठा. एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. त्यात एक खोली, पुढे पडवी, पडवीत खुर्ची. मी शेतकरी नाही, त्यामुळे शेतजमीन मला मिळायची नाही, हेही आठवलं. मग आजोळच्या सातबाऱ्यावर आईचं नाव चढवलं होतं की नाही, याचा विचार सुरू झाला. म्हणजे पुस्तिका छापून होण्याआधीच तिला पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं.

तात्यांना सांगितलं. त्यांनी मला खालून वर बघितलं. "बरा आसा. पयलो एक पावस काड हंय. जूनापासून दिवाळेपर्यंत. मगे इचार."

सहाव्या दिवशी माझे शेवटचे कोरडे मोजे संपले आणि मी खाली उतरलो.

दोन पानं मात्र मी मनापासून लिहिली. सात मीटर पाऊस लिहिला, टोड लिहिला, फेसाची बाल्कनी लिहिली, कबुलायत लिहिली. गृहस्थांचा फोन आला. आवाजात दुःख होतं. "छान आहे हो. पण हे वाचून माणूस तिथं राहायला जाईल का?" मी म्हटलं, राहायला नाही, पण बघायला जाईल आणि हळू गाडी चालवेल, रस्त्यावर बेडूक असतात. ते काही बोलले नाहीत. पुढे पुस्तिका निघाली तेव्हा सात मीटर पावसाचा 'मुबलक पाऊस' झाला होता. टोड, बेडूक, देवगांडूळ, पाल आणि जळू मिळून 'समृद्ध जैवविविधता' झाली होती. कबुलायतीच्या परिच्छेदाच्या जागी एका स्विमिंग पूलचं चित्र होतं. सात मीटर पावसाच्या गावात. माझं एकच वाक्य जसंच्या तसं मोठ्या टायपात होतं: 'इथं पडलेलंही वर जातं.' मुखपृष्ठावर निळंशार आकाश.

दिवाळीनंतर एक प्रत तात्यांना पाठवली. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. पाऊस थांबलाय, भात झोडून झालं, काकींच्या गुडघ्याला आराम आहे, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "तुजा पुस्तक मेळला हां."

"कसं वाटलं?"

"चितरां बरी आसत." जरा वेळ नुसता चुलीचा तडतडाट ऐकू आला. "पण कागद मेलो गुळगुळीत. पेटणा नाय."